संत्रं न खाणाऱ्या गिरजाबाई

गिरजाबाईंना जाऊन आता वर्ष होत आलं. "मास्तर, मायवर काहीतरी लिहून द्या," असं त्यांचा मुलगा विनायक तेव्हापासून म्हणतो आहे आणि मी तेव्हापासून उद्यावर ढकलतो आहे. लिहिण्याचा मला कंटाळा नाही. महाल भागातल्या एका शाळेत जन्मभर मराठी शिकवलं, आणि ओळखीपाळखीत कुणाचं मानपत्र लिहायचं असलं की अजून मलाच हाक येते. मानपत्राचा एक साचा असतो. आधी खडतर बालपण, मग ध्यास, मग त्याग, आणि शेवटी निरोगी दीर्घायुष्याची प्रार्थना. माणूस कसाही असो, थोडं दाबलं, थोडं ओढलं की त्यात बसतो. गिरजाबाई बसल्या नाहीत. लहान पोराला स्वेटर घालताना होतं तसं झालं. एक हात आत घातला की दुसरा बाहेर.

त्यांचं मानपत्र मी लिहिलं, ते वाचलंही गेलं, फ्रेम करून विनायकच्या हॉलमध्ये लागलंही आहे. त्यातला शब्दन् शब्द खरा आहे. पण ज्या बाईबद्दल आहे तिच्याशी त्याचा काय संबंध, हे मला अजून नीट कळलेलं नाही.

खाप्याजवळ, कन्हान नदीच्या अलीकडच्या काठाला त्यांचं गाव. त्या गावात, आणि आसपासच्या गावांतही, संत्र्याची कलमं बांधणारी पहिली बाई म्हणजे गिरजाबाई. हे काम म्हणजे काय ते मलाही त्यांच्याकडूनच कळलं. संत्र्याचं झाड बी लावून करत नाहीत. आधी जंबेरी नावाच्या आंबट लिंबाचं रोप वाढवायचं. मग चांगल्या संत्र्याच्या फांदीवरचा एक डोळा, म्हणजे फुटायच्या बेतातला कोंब, सालीसकट अलगद काढायचा, जंबेरीच्या सालीला चीर देऊन आत बसवायचा आणि पट्टीने बांधून टाकायचा. डोळा लागला तर हिरवा राहतो, नाही लागला तर सुकून काळा पडतो. हे काम पुरुषांचं. बायांनी पाणी द्यायचं, तण काढायचं, पट्ट्या फाडून हातात द्यायच्या. बाईच्या हातचा डोळा जळतो, असं तेव्हा गावात सगळे मानत.

आमच्या इमारतीत त्या विनायककडे आल्या ते गुडघ्याच्या दुखण्यामुळे. गावाकडच्या घराला पायऱ्या, इकडे लिफ्ट. दोन खोल्यांत जीव रमेना म्हणून त्या सकाळीच खाली पार्किंगमध्ये वॉचमनशेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर येऊन बसत. नऊवारी लुगडं, कपाळावर गोंदलेला ठिपका, आणि मांडीवर स्टीलच्या ताटात संत्री. शेत ठेक्याने सांभाळणारा गुलाब हंगामात दर आठवड्याला टोपली पाठवायचा. जाणाऱ्या-येणाऱ्याला त्या थांबवत, संत्रं सोलून देत, आणि तो खात असताना त्याच्या तोंडाकडे टक लावून पाहत.

पहिल्यांदा मला थांबवलं तेव्हा मी रीतीप्रमाणे म्हटलं, "वा! छान आहे."

"छान म्हनू नका," त्या म्हणाल्या. "सगळेच छान म्हनते. खा तुम्ही. मी पाहून राहिली."

मी खाल्लं. त्या पाहत राहिल्या. मग वॉचमनला म्हणाल्या, "हे नाही जमलं. मास्तरची उजवी भिवई वर गेली." वॉचमनने गंभीरपणे मान हलवली. त्याला हे रोजचंच होतं.

स्वतः त्या एक फोड तोंडात घालत नसत. आमच्याकडे काशीला जाऊन आलेली माणसं तिथे एखादं फळ सोडून येतात आणि मग मरेपर्यंत त्याला शिवत नाहीत. तसंच काही असेल असं मला वाटलं. पहिल्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, हो, काशीलाच सोडलं, त्यांनीच मला सांगितलं. वॉचमन म्हणाला, माताजींना पित्त होतं, त्यांनीच सांगितलं. विनायक म्हणाला, बाबा गेले तेव्हापासून मायने सोडलं, तिनेच सांगितलं. मी काशीचा विषय काढला तर तो हसायलाच लागला. "अहो मास्तर, माय जन्मात रामटेकच्या पुढे गेली नाही!"

म्हणजे एका फळाच्या तीन हकिकती, आणि तिन्ही त्यांच्याच तोंडच्या.

गेल्याच्या गेल्या वर्षी शेतकऱ्यांच्या एका मंडळाने त्यांचा सत्कार ठरवला आणि मानपत्राचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. त्याच सुमारास घरात दुसरं प्रकरण पेटलं होतं. विनायकची मुलगी केतकी, चांगली शिकलेली, चांगल्या नोकरीतली, एक दिवस म्हणाली की मी नोकरी सोडते आणि गावाला जाऊन आजीची रोपवाटिका चालवते. विनायक आणि त्याची बायको आधी हबकले. मग विनायकने सगळ्या बापांचा हुकमी मार्ग धरला. म्हणाला, शेत मायच्या नावावर आहे, माय म्हणेल ते. त्याला वाटलं म्हातारी पेढे वाटेल, आणि मग पुढचं पुढे बघू. केतकीलाही तसंच वाटलं. ती आजीच्या पायाशी जाऊन बसली आणि सगळं बोलून दाखवलं.

गिरजाबाई म्हणाल्या, "नाही."

कारण विचारलं तर, "नाही म्हंजे नाही." शेत ठेक्याने गुलाबकडे राहील, गुलाबला नको झालं तर पडीक राहील, पण केतकीला मिळणार नाही. पोरगी दोन दिवस जेवली नाही. मग ती माझ्याकडे आली. "सर, तुम्ही तसेही रोज आजीसोबत बसता. एकदा विचारा ना, काहून नाही म्हणते ती? मी काय चुकीचं मागून राहिली?" तिचे डोळे सुजलेले होते. तिने राजीनामा लिहून ठेवला होता, फक्त पाठवला नव्हता. विचारतो, असं मी कबूल केलं. पन्नास ठिकाणी धडपडून एक बाई वाट पाडते आणि तिचीच नात त्या वाटेने यायला निघाली तर आडवी होते, हे मलाही समजत नव्हतं.

वही घेऊन मी पार्किंगमध्ये बसलो. साच्याप्रमाणे सुरुवात केली.

"झाडांची आवड लहानपणापासूनच होती का?"

"नाही."

"मग सासरी आल्यावर लागली असेल."

"नाही लागली."

"पण संत्र्याबद्दल काहीतरी..."

"मास्तर," त्या खाली वाकून, कुणी ऐकत नाही ना हे पाहून म्हणाल्या, "मले संत्र्याचा वासच सहन होत नाही गा. पहिल्यापासून. सासरी आली तं दारातच संत्र्याचे ढीग. वकाऱ्या येत. लोकाइले वाटलं पोटुशी आहे."

मी पेन खाली ठेवलं. "मग एवढं आयुष्य तुम्ही..."

"हात चालला न माझा. ज्याचा हात चालते त्याले करा लागते. आवडते का नाही, हे मले कोन विचारलं? आता तुम्ही विचारून राहिले."

मानपत्राचा 'ध्यास' तिथेच गेला. तरी मी चिकाटीने विचारत राहिलो आणि त्या तुकड्यातुकड्याने सांगत राहिल्या. काटोलकडून एक कलमवाला दर हिवाळ्यात त्यांच्याकडे यायचा. एका वर्षी त्याचा पाय मोडला आणि तो आलाच नाही. जंबेरीची रोपं तयार, सालीत रस भरलेला. हे दिवस निघून गेले की साल सुटत नाही आणि वर्ष वाया जातं. सासरा दुसरा माणूस शोधायला गेला. नवरा नामदेवराव चाकू घेऊन बसले आणि पहिल्याच रोपाला स्वतःचा अंगठा कापून घेतला. गिरजाबाई पट्ट्या फाडत होत्या. त्यांनी डोईवरचा पदर पार नाकापर्यंत ओढला, चाकू घेतला आणि ओळीच्या ओळी बांधून काढल्या. कलमवाल्याच्या हाताकडे त्या कैक हिवाळे पाहत आल्या होत्या. पाहण्याखेरीज तिथे दुसरं करमणुकीचं काही नव्हतं, असं त्या म्हणाल्या.

डोळे लागले. सासूने ओळीतून फिरून विचारलं, कोनं बांधले? गिरजाबाईंनी नवऱ्याकडे बोट दाखवलं. नामदेवराव म्हणाले, "मीच."

आणि मग ते तसंच चालू राहिलं. रोपं घ्यायला माणसं आली की नामदेवराव धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, हातात चाकू घेऊन उभे राहत, आणि बाई आत वाकून काम करत. "नामदेवचा हात भारी आहे," असं खाप्याच्या बाजारात लोक बोलत. कुणी चहा पाजे, कुणी पान देई. मुलं शाळेत जायला लागली तरी असंच.

"मग खरं कसं बाहेर आलं?"

"एका गिऱ्हाइकानं बाजारातच अडवलं त्याइले. म्हने, नामदेवभाऊ, इथं एक डोळा बांधून दाखवा, माझ्या पोऱ्याले शिकाचं आहे. बुढ्यानं फांदीच उलटी धरली. सगळा बाजार पाहून राहिला. मंग माझ्याकडे पाहून म्हने, गिरजे, तू दाखव वं."

"वा!" मी म्हटलं. मला माझा परिच्छेद दिसायला लागला होता. "तो तुमच्या आयुष्यातला सोन्याचा दिवस."

"कायचा सोन्याचा! मानूस उघडा पडला न भर बाजारात. मी बांधून दाखवलं अन् घरी येऊन रडली. मले राग होता त्याचा, लई राग होता, पन त्याचं तोंड पाहवलं नाही मले."

हे मी लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी वाचून दाखवलं तर त्या ताटातली संत्री निवडत सहज म्हणाल्या, "त्या गिऱ्हाइकाले मीनंच सांगतलं होतं, असं विचार म्हनून."

"म्हणजे तुम्हीच त्यांना उघडं पाडलं?"

"हाव."

"आणि मग रडलात?"

"हाव न. दोनी खरं आहे. त्यात काय एवढं?"

दोन्ही खरं असलं तर मानपत्रात कोणतं घालायचं? मी दोन्ही गाळलं आणि 'पतीच्या समर्थ साथीने' असं लिहिलं. विनायकला ते फार आवडलं.

एकदा मात्र मला वाटलं की आता ही बाई मला सापडली. गावातल्या एका माणसाने त्यांच्याकडून रोपं नेली होती. संत्र्याला फळ यायला वर्षं लागतात, तोवर झाड गोड निघणार की आंबट हे कुणाला सांगता येत नाही. तोवर सगळ्यांना माहीत झालं होतं की कलमं बाई बांधते. फळं आली तेव्हा काही झाडांना जंबेरीच लागली. त्या माणसाची बायको टोपलीभर आंबट फळं घेऊन आली आणि भर अंगणात ओतून, शेजारपाजार ऐकेल अशा आवाजात म्हणाली, बाईच्या हातचं खाल्लं की असंच. गिरजाबाई त्याच्या बागेत जाऊन पाहून आल्या. शेळ्यांनी वरचं कलम खाल्लं होतं आणि खालच्या जंबेरीच्या खुंटातूनच फुटवा वाढून झाड झालं होतं. चूक त्या माणसाची होती. हे कळूनही त्यांनी त्याची सगळी झाडं छाटून, नव्याने डोळे भरून दिली. त्यात दोन हिवाळे गेले.

"केवढा मोठेपणा!" मी म्हटलं.

"मोठेपना नाही गा. मले भेव वाटलं. मी तं चाखूच शकत नाही. शेळीनं खाल्लं असन, का मीच फांदी चुकीची घेतली असन? गोड का आंबट, हे मले दुसऱ्याच्या तोंडावरून समजते. ज्या झाडाचे डोळे मी घेतले त्याचं फळ सासूले चारलं, पोट्ट्याइले चारलं, रस्त्यानं जानाऱ्याले चारलं, अन् तोंडं पाहिली. एखाद्यानं लाजून तोंड नाही वाकडं केलं तं? आजही मले पक्कं सांगता येत नाही, चूक कोनाची."

त्या दिवशी मला पार्किंगमधल्या ताटाचा अर्थ लागला. जिथे आता त्यांचं एक झाड नाही, एक चाकू नाही, तिथेही त्या तोंडं पाहत होत्या. शेतातल्या कोणत्या झाडाची टोपली आहे ते गुलाबला फोनवर विचारून ठेवत आणि संध्याकाळी त्याला निकाल कळवत. नावडत्या फळासाठी हे सगळं. मी विचारलंच, "आता तरी कशाला?" तर म्हणाल्या, "बसल्या बसल्या दुसरं काय करू?"

केतकीबद्दल विचारण्याचा मात्र मला धीर होत नव्हता. विषय काढला की त्या गुडघा चोळायला लागायच्या.

सत्कार सदर भागातल्या एका सभागृहात झाला, सकाळी. शाल, श्रीफळ, मानपत्र. मानपत्र मीच वाचलं आणि 'संत्र्याच्या प्रेमापोटी उभं आयुष्य वेचणाऱ्या' या ओळीला टाळ्या पडल्या. गिरजाबाई समोर निर्विकार बसल्या होत्या. मग त्यांना दोन शब्द बोला म्हणून उभं केलं. त्यांनी माईक नाकाला लावला आणि म्हणाल्या, "मास्तरनं चांगलं लिवलं. पन मले हे काम आवडत नव्हतं. आला गेला दिवस काढला. बसते आता."

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. किती विनम्र, किती साध्या, असं माझ्या मागे कुणीतरी म्हणालं. बाई जे खरं आहे ते माईकवरून सांगत होती आणि लोक ते विनय म्हणून कौतुकाने ऐकत होते. पहिल्या रांगेत बसलेली केतकी मात्र टाळ्या वाजवत नव्हती. तिचा चेहरा पांढरा पडला होता. विनायक गाडी आणायला गेला तेव्हा तीही त्याच्यासोबत निघून गेली, आजीकडे न पाहता.

आम्ही दोघंच सभागृहाच्या पायऱ्यांवर थांबलो. त्यांनी नारळ माझ्या हातात दिला आणि कठड्याला टेकून पायरीवर बसल्या. समोरून सदरची सगळी गर्दी, स्कूटर, ऑटो चालले होते. आता नाही तर कधीच नाही असं वाटून मी विचारलं, "गिरजाबाई, केतकीला काहून नाही म्हणता?"

मला वाटलं आता गुडघा चोळतील.

"मले जळते गा," त्या म्हणाल्या.

मला कळलंच नाही. मी म्हटलं, "काय?"

"जळते. पोटात. ती येते, म्हनते आजी मले आवडते. हसत हसत म्हनते. बाप पाठीशी, नोकरी हातात, नाही जमलं तं वापस जाईन म्हनते. मी पदर तोंडावर घेऊन बांधले न, मास्तर. माझ्या हातचं होतं ते माझं म्हनता नाही आलं मले. सासू मेली तवर तिले मालूम नाही पडू देल्लं. अन् हिले तेच आवडते! आवडाची चीज होती का ते? मंग मले काहून नाही आवडलं?" त्यांचा आवाज चिरकत होता. "मी वाईट आहे का?"

शाळेत हजार मुलांना उत्तरं दिली, पण ऐंशी ओलांडलेल्या बाईला, अंगावर सत्काराची शाल असताना, तू वाईट नाहीस हे कसं सांगायचं हे मला सुचेना. मला त्यांचं फार वाईट वाटलं. आणि खरं सांगायचं तर त्यांचा थोडा रागही आला, त्या पोरीचे सुजलेले डोळे आठवून. दोन्ही खरं होतं. मी एवढंच म्हटलं, "तिला सांगा हे."

"सांगाची नाही. तुम्ही पन नोको सांगू."

मी केतकीला सांगितलं नाही. पण चारसहा दिवसांनी त्यांनी स्वतःच तिला हाक मारली आणि एक विचित्र अट घातली. गुलाबच्या ताब्यातल्या रोपांची एक ओळ केतकीने घ्यायची. डोळे तिनेच निवडायचे, तिनेच बांधायचे. आजी काही सांगणार नाही, दाखवणार नाही, तिथे येणारही नाही. "मले कोनं दाखवलं होतं?" असं वर म्हणाल्या. ओळ पाहून काय ते ठरवीन.

केतकी रजा टाकून गेली. गुलाबला पाहून, मोबाईलवर व्हिडिओ पाहून, थंडीत कुडकुडत तिने ती ओळ बांधली. परत आली तेव्हा तिच्या बोटांना पट्ट्या होत्या. आजीने त्या निरखून पाहिल्या. मग डोळे लागले की नाही हे कळायला तीन आठवडे थांबायचं होतं. विनायक म्हणायचा, मास्तर, मायला ते कलम लागावंसं वाटतंय की जळावंसं, हेच मला कळत नाही. मला कारण माहीत होतं, आणि तरी कळत नव्हतं. एका सकाळी पार्किंगमध्ये त्या म्हणाल्या, "पोट्टीनं पट्टी कसून बांधली असन तं बरं." दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "नाही लागले तं सुंठीवाचून खोकला गेला." दोन्ही वेळा आवाज सारखाच होता.

जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही निघालो. विनायक, केतकी, गिरजाबाई, आणि मी कशाला ते मला ठाऊक नाही, पण "मास्तरले घ्या" असं त्यांनी सांगितलं होतं. शेतात गुलाबच्या बायकोने, सिंधूने, चहा केला. गिरजाबाई बाजूला गेल्याचं पाहून ती मला हळूच म्हणाली, "सर, बाई संत्रं खात नाही म्हनते न? मी पाहिलं त्याइले खाताना. मागच्या साली, विहिरीपाशी एकट्याच बसल्या होत्या. अख्खं खाल्लं." मी तिला विचारलं, तोंड कसं झालं होतं? तिला प्रश्न कळला नाही. "खाल्ल्यावर होते तसं," ती म्हणाली. आता या आणखी एका हकिकतीचं मी काय करावं!

केतकीच्या ओळीपाशी गिरजाबाईंसाठी स्टूल आणलं होतं. त्या बसल्या नाहीत. एका हाताने विनायकचा खांदा धरून, वाकून, एकेका रोपाची पट्टी स्वतः सोडत गेल्या. पहिला काळा. दुसरा काळा. तिसराही. केतकी ओठ चावत मागे चालली होती. चौथ्याला त्यांनी नखाने साल किंचित खरवडली. हिरवी होती. त्यांनी पुढचं रोप धरलं. निम्म्याहून अधिक डोळे सुकले होते, पण जे लागले होते ते चांगले टचटचीत लागले होते. ओळ संपल्यावर त्या कमरेवर हात ठेवून सरळ झाल्या आणि मागे वळून सगळी ओळ पाहत राहिल्या. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो, त्या जन्मभर दुसऱ्यांच्या पाहत आल्या तसा. मला काही वाचता आलं नाही.

तेवढ्यात रस्त्यावरून शंकरराव चालले होते, शेजारच्या शेताचे मालक, त्यांच्याच वयाचे, नातवाच्या मोटारसायकलवर मागे बसून. त्यांनी गाडी थांबवायला लावली आणि धुऱ्यापलीकडून ओरडले, "काय गिरजाबाई! अजूनही हात चालून राहिला तुमचा? मानलं बापा!"

त्या क्षणी गिरजाबाईंना हो म्हणावंसं वाटत होतं, हे मला दिसलं, अगदी शपथेवर सांगेन. नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. केतकी खाली पाहत उभी होती. ती काही बोलणार नव्हती. आजीचं आजीला जाऊ द्यावं, असंच तिला वाटलं असावं.

"माझं नोहे गा!" गिरजाबाई ओरडल्या. एवढा आवाज त्यांच्यात असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. "नातीनं बांधलं! आता रोपाचं काही विचाराचं असन तं तिले विचार, मले नोको!"

शंकररावांना ऐकू कमी येत असावं. त्यांनी कानाला हात लावला. "कोनं?"

गिरजाबाई केतकीकडे वळल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि आवाजात चांगलाच राग होता.

"तू काहून चूप उभी आहेस वं? सांग न त्याले, मीनं बांधलं म्हनून!"

"मी बांधलं," केतकी म्हणाली.

"मोठ्यानं," गिरजाबाई म्हणाल्या.